सगळे चौकोन एकाच रंगाचे

"ताई, बघा ना! सगळे चौकोन एकाच रंगाचे झालेत!" प्रणालीने मला जवळजवळ ओढतच मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

खरंच होतं. काल संध्याकाळी याच सॅम्पलवर काळे-पांढरे चौकोन मिसळून दिसत होते. आज सगळं सपाट, पांढुरकं. आणि दुपारी रिव्ह्यू कमिटी येणार होती.

पवईतल्या आमच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोप मी सांभाळते. प्रणाली भांडुपची, पीएचडी करतेय. तिचा विषय मॅग्नेटो-ऑप्टिकल रेकॉर्डिंग. म्हणजे लेसर आणि मॅग्नेट वापरून लिहायचं आणि प्रकाशाने वाचायचं. काचेवर धातूचा अतिपातळ थर चढवतात, त्याला आम्ही फिल्म म्हणतो. तिचं चुंबकत्व वर तोंड करून असलं की मायक्रोस्कोपमध्ये पांढरं दिसतं, खाली असलं की काळं. लेसरने एक जागा तापवली की तेवढ्या जागेचा हट्ट सुटतो, आणि जवळचं छोटं मॅग्नेट तिला उलटी करतं. गार झाली की तशीच राहते. झालं लिहून! प्रणालीने ही फिल्म लिथोग्राफीने बारीक चौकोनांत कापली होती. लिथोग्राफी म्हणजे रांगोळीच्या छाप्याचाच प्रकार, फक्त रांगोळीऐवजी प्रकाश पाडायचा.

कमिटीने मागच्या वेळी बजावलं होतं, सांगितलेला चौकोन डोळ्यांदेखत लिहून दाखवा, नाहीतर विषय बंद. विषय बंद म्हणजे प्रणालीने पहिल्यापासून सुरुवात करायची.

आमचे हेड, कर्णिक सर, धावत आले. वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "वाट लागली! हवा लागून गंजली फिल्म. मेली!"

"सर, एक मिनिट थांबा ना," मी म्हटलं. मायक्रोस्कोपलाच इलेक्ट्रोमॅग्नेट जोडलेलं आहे. त्याचा करंट हळूहळू वाढवत गेले. आणि एका क्षणी सगळे चौकोन टपाटप काळे!

"अहो, जिवंत आहे!" मी किंचाळलेच. "मेलेली फिल्म अशी कूस बदलते होय? कोणीतरी हिला मॅग्नेट दाखवलंय. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करून ठेवलीत. प्रणाली, रात्री सॅम्पल कुठे होतं?"

ती हळूच म्हणाली, "त्या कपाटावर. सरच म्हणाले ना, उद्या रिव्ह्यू आहे, बाप्पाच्या हवाली कर. सॅम्पलची डबी पडू नये म्हणून मी तिच्यावरच बाप्पाला बसवलं."

सरांनी जुनी गाडी विकली तेव्हा डॅशबोर्डवरचा गणपती लॅबमध्ये आणला होता. मी त्याच्या बुडाशी स्क्रूड्रायव्हर नेला. टक्क! चिकटला. लॅबच्या दारावर 'आत मॅग्नेट आणू नये' अशी पाटी आहे. ती सरांनीच लावलेली.

सर पाटीकडे बघत राहिले. प्रणाली रडायच्या बेतात. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अगं वेडे, रडतेस काय? मागच्या वेळी कमिटीने काय विचारलं होतं? यातला तुम्ही काळा केलेला कुठला आणि मुळातच काळा कुठला! आता मुळात काळा एकही नाही. मी केलेत ते परत पांढरे करते. पाटी पुसून मिळालीय तुला. लिही!"

कमिटीच्या बाई करड्या होत्या. "तुम्ही निवडायचं नाही. मी सांगेन तो." स्क्रीनवर त्यांनी कोपऱ्यातल्या एका चौकोनावर बोट ठेवलं. प्रणालीने लेसर तिथे नेला. बटण दाबलं.

तेवढाच एक चौकोन काळा झाला. शेजारचे सगळे पांढरेच्या पांढरे! काय सांगू, अंगावर काटा आला. प्रणाली सगळ्यांसमोर "येस्स!" म्हणून ओरडली आणि जीभ चावली.

"आता हाच पुसा," बाई म्हणाल्या. पुसला. "परत लिहा." लिहिला. शेवटी बाई खुर्ची पुढे ओढून स्वतःच बटणं दाबायला लागल्या, तेव्हा आम्ही जिंकलो हे मला कळलं. विषय चालू राहिला.

तेव्हापासून लिहायच्या आधी सॅम्पल पुसून घ्यायचं, हा आमच्याकडे नियम झाला. पुसायला इलेक्ट्रोमॅग्नेट वापरतो. सरांनी स्वतः स्क्रूड्रायव्हर घेऊन बाप्पाच्या बुडाचं मॅग्नेट उचकटलं, ते फेकायला माझ्याकडे दिलं आणि बाप्पाला दुहेरी टेपने बसवलं.

पुढच्या रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी मात्र सर माझ्या टेबलापाशी आले. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाले, "अगं, ते मॅग्नेट फेकलं नाहीस ना?"