हँडलवरचे हात

चौऱ्याण्णव-पंच्याण्णवमध्ये आम्ही आलमबागला राहायचो. बस अड्डा घरापासून पायी दहा मिनिटांवर होता. रोज सकाळी त्या वाटेवर एक वयस्कर गृहस्थ समोरून येत. दूधवाला, शिंपी, मी, प्रत्येकासमोर थांबून ते हात कपाळाशी नेत आणि 'आदाब' म्हणत. मीही हात उचलायचो. नाव कधी विचारलं नाही.

मग मी स्कूटर घेतली. एका संध्याकाळी परतताना ते दिसले, तेव्हा थांबून म्हटलं, "बैठिए चाचा, घर छोड़ देता हूँ."

ते हसले. "नहीं भैया. आपके साथ बैठ गए, तो रास्ते में आदाब किसको करेंगे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नेहमीसारखा हात कपाळाशी नेला. माझे दोन्ही हात हँडलवर होते. मी नुसती मान हलवली आणि पुढे गेलो. आरशात पाहिलं, तर त्यांचा हात अजून कपाळाशीच होता.