खंडेनवमीचं कुंकू

लोणीच्या यशोधराचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेला आहे. कळंबजवळच्या केमिकल कारखान्यात ती जुन्या रिअ‍ॅक्टरवर होती. टाकीतल्या मालात हवा सोडायची, उत्प्रेरकाच्या जोरावर ऑक्सिडेशन व्हायचं आणि मधेच उष्णता अशी उसळायची की पळता भुई थोडी. अशाच एका उसळीची ती खूण.

मग मायक्रोरिअ‍ॅक्टर आला. जेवणाच्या डब्याएवढा पोलादी ठोकळा. आत केसासारख्या बारीक नळ्या, त्यांना आतून उत्प्रेरकाचा लेप. एका वेळी थेंबथेंबच माल जातो, त्यामुळे उष्णता साठतच नाही. माल चोख निघतो, माणूस भाजत नाही. यशोधराने तो भांडून मागून घेतला.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रं पुजतात. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून यशोधराच्या घरात हे नाही. ती दाराशी उभी राहते, पेढा खाते. यंदा पूजेआधीच्या साफसफाईसाठी तिने गाळणी काढली होती. ठोकळ्यात जाणाऱ्या नळीचं तोंड उघडं होतं. मॅनेजरसाहेबांनी हळदकुंकू नेमकं तिथंच वाहिलं.

"साहेब, आत नका टाकू. नळ्या बुजतील."

"तुम्ही पाया पडत नाही, ठीक आहे बाई. आम्हाला तरी पडू द्या."

सगळे हसले.

दसऱ्याला ती म्हणाली, आधी धुवून घेते. साहेब म्हणाले, मुहूर्त टळतोय, चालू करा. चालू केलं. दाब चढत गेला आणि ठोकळा कायमचा तुंबला.

तो उघडला जुन्नरच्या शफी फिटरने.

"ताई, आत कुंकूच हाये. लालभडक."

"मग चौकशीत सांग."

"मी सांगू? म्हणतील, यानं पूजेत खोट काढली. माझं नाव शफी हाये, ताई."

 मग चौकशीत यशोधराने स्वतःच सगळं सांगितलं. चौकशी करणाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि ठरवलं, नळीचं तोंड उघडं ठेवलं ही ऑपरेटरची चूक. एक जण तर म्हणाला, हात जोडले असते तर यंत्र रुसलं नसतं.

आता नवा ठोकळा आलाय, हार घालून. त्यावर साहेबांचा भाचा बसतो. यशोधरा पुन्हा जुन्या टाकीवर. तापमानाचा काटा चढू लागला की ती डावी बाजू टाकीकडे करून उभी राहते. तो हात तसाही जळलेलाच आहे.