सासूबाई फ्रेंच वाचतात तेव्हा

२०१४ च्या जूनमधल्या शाळेच्या सुट्टीत आम्ही फ्रान्सला जायचं ठरवलं. शहरात नाही, खेड्यात. शेताकडेचं एक जुनं दगडी घर आठवड्यासाठी भाड्याने घेतलं होतं. नवरा, मी, आमची दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासरे गेल्यापासून सासूबाई वर्षातले काही महिने पुण्याहून आमच्या सिंगापूरमधल्या, जुरोंग ईस्टच्या फ्लॅटवर येऊन राहत.

घरमालकिणीने दोन पानं सूचना पाठवल्या, सगळ्याच्या सगळ्या फ्रेंचमध्ये. शनिवारी दुपारी नवऱ्याने कॉम्प्युटरवर त्यांचं इंग्रजी करून घेतलं आणि वाचून दाखवलं, "फुगा फक्त रात्री तापतो. सकाळी सगळ्यांनी मिळून फुगा रिकामा करू नये."

"कसला फुगा?" मी विचारलं.

"देव जाणे! यापेक्षा आमच्या रिफायनरीची मॅन्युअलं बरी."

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी मेथी निवडत होत्या. त्यांनी पदराला हात पुसले. "मूळ कागद दे बघू."

चष्मा लावून त्या मोठ्याने वाचू लागल्या. फ्रेंच. अडखळत, पण थेट फ्रेंच. मग म्हणाल्या, "फुगा नाही रे, गरम पाण्याची टाकी. फ्रेंचमध्ये दोन्हीला एकच शब्द. पाठोपाठ आंघोळी करू नका म्हणतेय. चादरी आपल्याच न्यायच्यात. आणि रविवारी गावात काही मिळत नाही."

मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आज्जी, डोन्ट ब्लफ ला! थापा नको मारूस."

नवऱ्याचा आवाजच बदलला. "आई, तू हे कुठे शिकलीस?"

"पुण्यातच. लग्नाआधी चार वर्षं. परीक्षेत पहिली आले होते. वर्षभर फ्रान्सला येऊन शिका, असं तिथून पत्रही आलं होतं."

"मग?"

"मग तुझे बाबा मला बघायला आले."

त्रेचाळीस वर्षांच्या त्या मुलाला हे पहिल्यांदा कळत होतं. तो खुर्चीत बसला. "बाबांना माहीत होतं?"

"हो. सुरुवातीला पाहुणे आले की गंमत म्हणून मला बोलायला लावायचे. सगळे हसायचे. मला नाही आवडायचं. एक दिवस सांगून टाकलं, विसरले म्हणून."

मी मात्र मनातून हादरले होते ते वेगळ्याच गोष्टीने. त्या परदेशात कुठे चुकल्या तर, म्हणून आमचे फोन नंबर लिहिलेलं एक कार्ड मी त्यांच्या गळ्यात अडकवायला तयार करून ठेवलं होतं. मी गुपचूप आत जाऊन ते फाडलं.

चार वाजता, तिकडे सकाळ झाल्यावर, त्यांनी स्वतःच मालकिणीला फोन लावायला सांगितला. त्या ताठ बसल्या. पहिलं वाक्य अर्ध्यावर तुटलं. मी फोन घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी तो बाजूला सारला आणि पुन्हा सुरुवात केली. हळूहळू शब्द येत गेले. मध्येच त्या मोठ्याने हसल्या. असं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

फोन ठेवून म्हणाल्या, "चादरी ती देणार आहे. मला खालची खोली मिळेल, जिना चढायला नको."

"एवढंच? अर्धा तास बोलत होतीस," नवरा म्हणाला.

"बाकीचं आमचं आमचं होतं."

निघेपर्यंत त्यांचे आणखी दोन फोन झाले. दार लावून.