दोष रेंजचा नव्हता

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत मिळून, यंत्राने दाखवलेला मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा माणूस एकच आहे आणि तो माझा मेव्हणा आहे. हे विधान मी जबाबदारीने करतो. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर नोकरी केली, दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचणं हाच माझा धंदा होता. तरीही एटीएमने ‘व्यवहार होऊ शकत नाही’ म्हटलं की मी कार्ड खिशात घालून घरी येतो. मेव्हणा घरी येत नाही. तो कार्ड पुन्हा घालतो, काय झालं ते चिठ्ठीवर लिहितो आणि तिसऱ्यांदा घालतो. मागे रांग वाढत असते. एकदा रांगेतल्या एकाने सांगितलं, “दादा, मशीन बंद आहे, चला आता.” मेव्हणा मागे न बघता म्हणाला, “बंद नाय. बंद असती तर बोलली असती का?”

कोणताही बिघाड लागोपाठ तीनदा करून दाखवता आल्याशिवाय तक्रार करायची नाही, असा त्याचा नियम आहे. आमच्या मुरबाडच्या घरातला मिक्सर मध्येच थांबायचा. बायकोने भावाला फोन केला. तो त्याच्या गावाहून, शेणव्याहून, दोन एसट्या बदलून आला, स्वयंपाकघरात मांडी घालून बसला आणि मिक्सर मुद्दाम बंद पाडू लागला. दोनदा तो थांबला आणि पुन्हा चालू झाला. तिसऱ्यांदा त्यातून धूर आला. “आता कळलं,” मेव्हणा समाधानाने म्हणाला. बायको म्हणाली, “अरे मेल्या, दोनदा चालत तरी होता.” त्यावर तो म्हणाला, “चालत होता म्हणूनच कळत नव्हतं गो ताई.” मिक्सर नवीन आणावा लागला. जुन्यात नेमकं काय जळलं होतं, ते मात्र आम्हाला आजही तोंडपाठ आहे.

हा माणूस मुंबईच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि काम शेणव्यातून, पडवीशेजारच्या खोलीतून करायचा. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, गावच्या आरोग्य केंद्रात नर्स, त्यामुळे घर हलवणं शक्य नव्हतं. इंटरनेटची वायर चार बांबूंवरून यायची आणि त्या वायरवर वानरं बसायची. कंपनीतल्या साहेबांनी एका व्हिडिओ मीटिंगमध्ये हे दृश्य पाहिलं होतं आणि ते विसरले नव्हते.

कंपनीत एकच प्रोग्राम अनेकजण लिहीत. प्रत्येकाचं काम वेगळ्या शाखेवर चाले. तिला ते ब्रँच म्हणतात. सगळ्या ब्रँच ऑफिसच्या सर्व्हरवर असत आणि सकाळी एक आज्ञा दिली की त्यांच्या ताज्या प्रती आपल्या लॅपटॉपवर येत. एका सकाळी मेव्हण्याने आज्ञा दिली, काम पूर्ण झाल्याचं दिसलं, आणि आलेल्या प्रतींवरून त्याने ग्राहकांना द्यायची आवृत्ती तयार केली. नंतर कळलं की निम्म्या ब्रँच जुन्याच राहिल्या होत्या. एका सहकारी मुलीने केलेल्या सगळ्या दुरुस्त्या त्या आवृत्तीतून गायब होत्या.

“खेड्यातलं नेट आहे, डेटा अर्धवट आला असणार,” साहेबांनी निकाल दिला. पुढच्या महिन्यापासून मुंबईत खोली घ्या आणि ऑफिसला या, असा हुकूमही आला.

चूक त्याच्या हातून झाली असती तर मेव्हणा निमूट गेला असता. त्याला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. “सगळ्या ओळी वाचल्या भावजी, सगळ्या,” तो मला फोनवर म्हणाला. “त्यात अडल्याचं काय नव्हतंच. आमचं नेट हळू हाय, कबूल. पण हळू असणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं.”

आठवडाभर तो खोलीबाहेर फक्त जेवायला आला. मग त्याला कारण सापडलं. सर्व्हरवर कोणीतरी ‘बिल’ नावाची ब्रँच पुसून ‘बिल/दुरुस्ती’ अशी नवी उघडली होती. ब्रँच आणून देणारं सॉफ्टवेअर पहिल्या नावाची फाइल करतं आणि दुसऱ्यासाठी त्याच नावाचा फोल्डर मागतं. मेव्हण्याच्या लॅपटॉपवर जुनी फाइल तशीच होती आणि एकाच नावाची फाइल आणि फोल्डर एका जागी राहू शकत नाहीत, म्हणून फोल्डरला जागा मिळेना. तिथे अडखळल्यावर सॉफ्टवेअरने पुढच्या सगळ्या ब्रँच सोडून दिल्या आणि काम झालं म्हणून कळवलं. ऑफिसातल्यांनी नुकत्याच नव्या मशीनवर ताज्या प्रती घेतल्या होत्या. त्यांच्याकडे जुनी फाइलच नव्हती, त्यामुळे शेणव्याची वायर एकटी आरोपी ठरली.

आता हे साहेबांना तीनदा दाखवायचं होतं. साक्षीदार म्हणून मला बोलावणं आलं. मेव्हण्याने एकाच लॅपटॉपवर दोन फोल्डर केले, एकाला सर्व्हर मानलं आणि मग वायर उपटून टेबलावर ठेवली. नेटच नाही, तर नेटचा दोष कसा, असा त्याचा सवाल होता. साहेब वहिनींच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉलने बघत होते आणि मोबाइल माझ्या हातात होता. “भावजींना धरू दे, पेपरवाले हायेत, हात हलायचा नाय,” मेव्हणा म्हणाला. पहिला प्रयोग झाला. दुसरा चालू असताना मोबाइलची रेंज गेली. पुन्हा जोडणी झाली तेव्हा साहेब हसत होते. “बघा,” ते म्हणाले, “शेवटी नेटच.”

मेव्हण्याने दोन्ही फोल्डर पुसले आणि पहिल्यापासून मांडायला घेतले. वहिनी हळूच म्हणाल्या, “अहो, दुसऱ्यापासून धरा की. साहेबांना टाइम नसेल.”

“मला मुंबईला धाडायला टाइम हाय, बघायला नाय?” तो मोबाइलकडे तोंड करून म्हणाला. “लागोपाठ तीन झाले पायजेत.”

झाले. तिन्ही वेळा तीच ब्रँच अडली, तिन्ही वेळा सॉफ्टवेअर गप्प राहिलं. शेवटी साहेब म्हणाले, “ठीक आहे, दोष टूलचा.”

ते सॉफ्टवेअर फुकट वापरता येतं आणि जगभरची माणसं मिळून ते सांभाळतात. मेव्हण्याने दुरुस्ती करून त्यांना पाठवली. आधी पुसलेल्या ब्रँचच्या फाइली काढायच्या, मग नव्या आणायच्या, एक अडली तर बाकीच्या सोडायच्या नाहीत आणि कोणती आली नाही ते स्पष्ट सांगायचं. समोरच्यांनी ती चार वेळा परत पाठवली. आधी बिघाड करून दाखवा, मग दुरुस्ती बघू, असं त्यांचं म्हणणं होतं. मेव्हणा चार दिवस जावयासारखा खुशीत होता. आपल्यासारखी माणसं पृथ्वीवर आहेत हे त्याला तेव्हाच कळलं असावं. पाचव्यांदा दुरुस्ती स्वीकारली गेली.

त्याच आठवड्यात कंपनीचं पत्र आलं. नेटचा मुद्दा मागे घेतला आहे, मात्र धोरण म्हणून ऑफिसला यावंच लागेल. मेव्हण्याने उत्तर मला तपासायला पाठवलं. त्यात दोनच वाक्यं होती. ‘आपण आरोप मागे घेतला आणि शिक्षा तशीच ठेवली. मी येणार नाही.’ मी डेस्कवर असतो तरी त्यातला एक शब्द कापला नसता. त्याने राजीनामाही सोबत जोडला. वहिनींनी वाचून एवढंच विचारलं, “नक्की ना?” तो म्हणाला, “नक्की.”

आता तो शहापूरच्या दोन शाळांची आणि वाशिंदच्या एका कारखान्याची संगणकाची कामं करतो. काम पूर्वीइतकं अवघड नाही, हे तोच सांगतो आणि सांगताना दुसरीकडे बघतो. मागच्या महिन्यात मी शेणव्याला गेलो होतो. दुपारचा चहा झाला होता. त्याची दुरुस्ती असलेली त्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती नुकतीच बाहेर पडली होती.

“आता ऑफिसात सगळ्यांकडे ती गेली असेल ना भावजी?” त्याने विचारलं. त्या सर्व्हरचं दार त्याला आता बंद होतं.

“गेली असेल.”

“मग सगळ्या ब्रँच येत असतील.”

“येत असतील,” मी म्हणालो.

त्याने लॅपटॉपच्या झाकणावर हात ठेवला. मग म्हणाला, “जिच्या दुरुस्त्या ऱ्हायल्या होत्या ना, ती पोरगी सकाळी सगळ्यांच्या आधी येते. सगळ्या ब्रँच आलेल्या पहिल्यांदा तिलाच दिसत असतील.”