कॅरमवरच्या मुंग्या

माझी आई पिठीसाखरेचा डबा उघडला की आधी चिमूटभर जिभेवर ठेवते. दुकानातून नवा पुडा आणून तिच्यासमोर फोडला तरी ठेवते. सुना हसतात, नातवंडं नक्कल करतात, ती कुणाचं ऐकत नाही. मी मात्र तिला कधी हसले नाही, कारण ती सवय तिला कुठे लागली ते मी बघितलेलं आहे.

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. आम्ही अंबरनाथला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. बाबा फॅक्टरीत फिटर. मूळ घर जांभूळला, तिथे बाबांचे थोरले भाऊ आणि काकी शेती सांभाळायचे. अंबरनाथहून जांभूळ काही लांब नाही, पण आईसाठी ते तेव्हा विलायतेइतकं लांब होतं. चार वर्षांपूर्वी चुलतभावाच्या लग्नात पंगतीला बसलेली आई शेजारणीला हळूच म्हणाली होती, की भात जरा कच्चा राहिलाय. वाढायला मागे काकी उभी होती. काकीने हातातलं भाताचं घमेलं तिथेच खाली ठेवलं आणि त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद झालं. गणपतीला बाबा एकटेच गावी जायचे आणि येताना काकीने दिलेलं तांदळाचं पोतं घेऊन यायचे. म्हणजे वर्षभर आम्ही दोन वेळा काकीच्याच शेतातला भात खायचो आणि तिचं नाव मात्र घरात कुणी काढायचं नाही. हे त्या वयातही मला फार चमत्कारिक वाटायचं.

त्या लग्नातून झालेला मुलगा, काकीचा नातू, तेव्हा तीन वर्षांचा होता. आई त्याच्या बारशालाही गेली नव्हती. त्या हिवाळ्यात त्याला कावीळ झाली आणि चांगलीच झाली. बाबा दोनदा जाऊन बघून आले. पोरगं बरं झालं, पण हाडाची काडं झाली होती आणि भात सोडून कशाला तोंड लावत नव्हतं. बाबांनी हे सांगितलं तेव्हा आई भाकरी थापत होती. दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "डॉक्टरांनी त्याला बिस्किट चालेल म्हटलंय ना? आपण त्याला बाहुल्यांची बिस्किटं करून पाठवू."

बाहुल्यांची बिस्किटं ही शेजारच्या आंटीची कला. आंटी केरळची, फॅक्टरीच्या दवाखान्यात नर्स. नाताळ आला की ती गूळ, सुंठ, दालचिनी, लवंग घालून कणीक मळायची आणि तिच्यातून माणसं कापायची. दोन हात, दोन पाय, बेदाण्याचे डोळे. मग वर पांढरी साखर. आंटी सांगायची की तो बर्फ. आम्ही बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर पाहिलेला, त्यामुळे माणूस बर्फात का उभा आहे हे काही आम्हाला कळायचं नाही, पण चव झकास असायची. डब्यात हात घातला की वासानेच सर्दी मोकळी व्हायची.

आंटीला सुट्टी गुरुवारी. तो नेमका मार्गशीर्षातला गुरुवार. आईचा उपास, सकाळी घट मांडायचा, पोथी वाचायची. म्हणून आदल्या संध्याकाळीच तिने बाबांना दम भरला, की कॅरमचा पसारा उचला, उद्या माझी पूजा आहे. बाबा आणि त्यांचे तीन मित्र दर रविवारी गॅलरीत कॅरम खेळायचे आणि पसारा आठवडाभर तिथेच पडलेला असायचा. बाबांनी आज्ञाधारकपणे बोर्ड भिंतीला लावला, सोंगट्या पिशवीत भरल्या आणि बोरिक पावडरचा डबा, जो एरवी खाटेखाली असायचा, तो नीट पुसून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला. मी बाळ असताना जी दुधाची पावडर प्यायले तिचे डबे आमच्याकडे ढिगाने होते. एकात बोरिक असायचं, तसल्याच दुसऱ्यात पिठीसाखर. इतकी वर्षं एक खाटेखाली आणि एक फळीवर, त्यामुळे कुणाची कधी गडबड झाली नव्हती.

बाबांनी डालड्याच्या डब्याची पट्टी पकडीने वाकवून माणसाचा साचा केला होता. डोकं जरा मोठं झालं आणि एक हात वर राहिला, त्यामुळे सगळी माणसं कॅच घ्यायला उभी असल्यासारखी दिसत होती. आंटीने आईचं पीठ तिचा गुरुवार म्हणून अंड्याऐवजी दही घालून मळून दिलं. ओव्हन कुणाकडे नव्हता. दिवाळीत नानकटाई भाजायला बायका जायच्या तशाच आम्ही पत्र्याचे ट्रे डोक्यावर घेऊन उल्हासनगरला कॅम्प चारमधल्या भट्टीवर गेलो. भट्टीचे सिंधी मालक ट्रेवरचं फडकं उचलून बराच वेळ बघत राहिले.

"बहेनजी, इतने सारे आदमी लोग को भट्टी में डालने का है?"

"हां साईं," आंटी म्हणाली, "सब को डालो."

भाजलेली माणसं घेऊन आम्ही घरी आलो. घरच्यासाठी साधी आणि जांभूळसाठी सजवलेली, असं आईने आधीच ठरवलं होतं. ते मला मुळीच पटलं नव्हतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आईने लक्ष दिलं नाही. तिने गुळाच्या पातळ पाकाने एकेका माणसाला कपडे रंगवले आणि त्यावर मलमलीच्या फडक्यातून पांढरी पावडर गाळली. काकांना सदरा-टोपी, काकीला पांढऱ्या काठाचं लुगडं, आणि छोट्याला डोक्यापासून पायापर्यंत सगळं पांढरंशुभ्र. त्या दिवशी आई स्वतःवरच खूश होती. "साखर किती मऊ बसलीय बघ," मला म्हणाली, "एक गुठळी नाही." एरवी ती काहीही करताना दहादा चाखायची. त्या दिवशी उपास होता, म्हणून तिने बोटसुद्धा चाटलं नाही.

डबा भरला, जुन्या साडीच्या पट्टीने आवळून बांधला आणि आपली नेहमीची अवघड दुहेरी गाठ मारली. जांभूळचे एक गृहस्थ बाबांच्याच खात्यात होते. त्यांच्याबरोबर शुक्रवारी डबा गेला. आईने निरोप काही दिला नाही. बाबांनी विचारलं तर म्हणाली, "डबा बोलेल की."

रविवारी सकाळी बाबांनी बोर्ड मांडला, फळीवरून डबा काढला आणि पावडर टाकली. स्ट्रायकर मारला तो अर्ध्यात रुतून बसला. दमट झाली असेल म्हणून त्यांनी आणखी टाकली, हाताने घासली. स्ट्रायकर आता जागचाही हलेना. मित्र चेष्टा करायला लागले, बाबा वैतागले, सगळे आत चहाला आले. चहा पिऊन बाहेर गेले तर गॅलरीच्या कठड्यावरून काळ्या मुंग्यांची रांग बोर्डावर उतरली होती आणि राणीभोवती गर्दी करून बसली होती.

बाबा हसत हसत आईला बोलवायला आले, की बघ, मुंग्या पण कॅरम शिकल्या. आई हात पुसत बाहेर आली. तिने बोर्ड पाहिला, मुंग्या पाहिल्या, बाबांच्या हातातला डबा पाहिला. मग ती आत गेली, फळीवरचा दुसरा डबा उघडला आणि चिमूट जिभेवर ठेवली. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मी घाबरून बाबांना मिठी मारली.

आंटीची त्या दिवशी दुपारपाळी होती, ती शेजारून धावत आली. एरवी झुरळांना मारायला आम्ही याच पावडरीच्या गोळ्या करायचो, हे मलाही माहीत होतं. आंटी म्हणाली, "बडा आदमी थोडा खाएगा तो उलटी होगा, बस. लेकिन छोटा बच्चा है, अभी लिवर ठीक हुआ है…" आणि बाबांच्या चपलांकडे बोट दाखवत म्हणाली, "जल्दी जाओ. खाया होगा तो सीधा दवाखाना लेके आना."

बाबा चप्पल घालायला लागले. आईने त्यांना अडवलं. "मी जाते. माझ्या हातचं आहे."

मला तिने का बरोबर घेतलं कोण जाणे. बहुतेक कुणाचा तरी हात धरायला हवा होता. रिक्षावाले जांभूळ म्हटल्यावर मान फिरवत होते, परतीचं भाडं मिळत नाही म्हणून. एकाला आईने नुसतं सांगितलं, "पोरगं आजारी आहे." तो बिचारा काही न विचारता निघाला आणि खड्डे न बघता हाकू लागला. वाटेत आई मला विचारत होती, "पोरं डबा दिसला की लगेच खातात का गं?" मी खरं ते सांगितलं, की मी तर दारातच फोडला असता. तिने माझा हात इतका दाबला की हाडं दुखली. मला रडू येत होतं, आणि त्या न पाहिलेल्या मुलाचा रागही येत होता, त्याने हावरटपणा केला असेल म्हणून. जांभूळजवळच्या पाण्याच्या प्लँटचे मोठे पाइप दिसायला लागले तशी आई देवाला म्हणू लागली, "चव आवडली नसू दे, त्याला चव आवडली नसू दे." आपल्या हातच्या पदार्थासाठी असं मागणं मागणारी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

घराच्या अंगणात काकी सुपात तांदूळ निवडत बसली होती. आईला बघून तिने सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. आई ओटीवर चढली, चार वर्षांत पहिल्यांदा, आणि उंबऱ्याशी थबकली. आत भाताच्या कणगीवर डबा होता. साडीच्या पट्टीवर तिची ती दुहेरी गाठ जशीच्या तशी होती. आणि कणगीला टेकून, मान वर करून, एक काडीसारखा मुलगा त्या डब्याकडे बघत बसला होता.

आई उंबऱ्यावरच खाली बसली आणि रडायला लागली. मी असा सुटकेचा श्वास आयुष्यात दोन-चारदाच टाकला असेल. मी पण तिच्याशेजारी बसले.

काकीला वाटलं हे रडणं आपल्या भांडणाचं आहे. ती आत आली आणि घुश्शातच म्हणाली, "आता कशाला रडतंस? डबा आला, मानूस नाय आला. मी पन सांगितला घरात, जिनी पाठवला तिनी यावा नि तिनीच उघडावा. तवर कुनी हात लावाचा नाय. पोर दोन दिस वास घेत बसलाय, पन मी नाय दिला."

"बरं केलंत ताई," आई म्हणाली. "फार बरं केलंत."

काकी चक्रावली. चार वर्षांनी आलेली जाऊ आपल्या रागाचं कौतुक करते, याचा तिला अर्थ लागेना. मग आईने हुंदके देत सगळं सांगितलं. दोन सारखे डबे, गुरुवारचा उपास, कॅरमवर चढलेल्या मुंग्या. काही लपवलं नाही. काकीने सगळं ऐकून घेतलं. तिने नातवाला उचलून कडेवर घट्ट धरलं. आता ती काय बोलेल या भीतीने मी आईच्या पदराआड झाले. आणि काकी हसायला लागली. पदर तोंडाला लावून, अंग हलवत, डोळ्यांतून पाणी काढत.

"चार वर्सांनी गोड पाठवलंस गो," ती म्हणाली, "नि ता बी झुरलांचा."

मग आई पण हसली. रडणं आणि हसणं इतकं मिसळून गेलं की कोण काय करतंय ते कळेना. काकीने गाठ सोडायचा प्रयत्न केला, ती सुटली नाही, शेवटी आईनेच सोडली. काकीने आपलं पांढऱ्या काठाचं लुगडं नेसलेली बिस्किटाची बाई उचलून नीट न्याहाळली आणि एवढंच म्हणाली, "जाडी केलंस मना." परसात कोंबड्यांना उकरता येणार नाही इतका खोल खड्डा करून आम्ही ती सगळी माणसं पुरली. छोट्याने मोठा आकांत केला. पुढच्या गुरुवारी मी स्वतः घेऊन येईन, असं आईने त्याला वचन दिलं, आणि ते पाळलंही.

तोवर जेवायची वेळ झाली होती. काकीने न विचारता आईचं ताट मांडलं. छोट्यासाठी पथ्याचा मऊ भात केला होता, अगदी पेजेसारखा, बोटाने दाबला तर पसरेल असा. काकीने त्यातलाच भात आईच्या ताटात वाढला, वर तुपाची धार धरली, आणि पळी हातात तशीच धरून ती आईसमोर उभी राहिली.

"बघ गो," ती म्हणाली. "शिजलाय का?"

आईने घास तोंडात घातला. मग दुसराही घातला. "शिजलाय ताई," ती म्हणाली, "छान शिजलाय."

मग तिने छोट्याला मांडीवर ओढून घेतलं. तो आला, नवख्या बाईकडे संशयाने बघत आला, आणि बसला. आईने भाताचा छोटा घास केला. आधी चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवला आणि मग त्याला भरवला.