नखाची पारख

कारखान्यात तिला सगळे भिंगकाकू म्हणत. मोडलेली हाडं सांधणाऱ्या पट्ट्या तिच्या टेबलावरून गेल्याशिवाय बाहेर पडत नसत. भिंग गळ्यात असे, पण शेवटचा शब्द नखाचा. भिंगाखाली डाग आणि ओरखडा सारखेच दिसत. नख अडलं तर ओरखडा. मग पट्टी लाल डब्यात.

स्टील थोडंफार सोसतं. टायटॅनियम वजनाला हलकं, शरीराशी जुळवून घेणारं, पण ओरखड्याच्या बाबतीत फार हळवं. माणूस चालायला लागला की पावलोपावली ताण तिथेच येतो. एक दिवस पट्टी मांडीतल्या मांडीत तुटते. हे सांगताना तिचा आवाज खाली जाई.

हिवाळ्यापासून तिची बोटं बधिर होत चालली होती. साखरेचं दुखणं जुनंच. शर्टाला बटण लावताना कापडावर रक्त दिसलं, तेव्हा सुई टोचल्याचं तिला कळलं. घरी ती बोलली नाही. कारखान्यात तर नाहीच.

त्या दुपारी पॅकिंगला हात द्यायला गेलेला, त्याच कारखान्यात कामाला असलेला तिचा धाकटा भाऊ एक पट्टी घेऊन आला.

"ताई, नखं घरी विसरलीस का आज?"

"तोंड आवर. झालं काय?"

"तू पास केलेली आहे. भोकाशेजारी बघ."

तिने नख फिरवलं. गुळगुळीत. पुन्हा फिरवलं. मग भावाचं बोट धरून तेच फिरवलं. नख टचकन अडलं.

त्याचं हसू मावळलं. "कधीपासून?"

"मालाचा टेम्पो गेला?"

"दारात उभा आहे. ताई, मी गुपचूप तपासतो सगळ्या. तुझं नाव कशाला?"

"आणि आधी गेलेल्या?"

ती उठली आणि सुपरवायझरच्या खोलीत गेली.

"टेम्पो उतरवा. हिवाळ्यापासूनचा माल परत मागवा. माझी बोटं गेली आहेत."

"काकू, काही पट्ट्या बसवल्याही असतील."

"असतील. डॉक्टरांना कळवा. माझ्या नावानिशी."

तिने भिंग काढून त्याच्या टेबलावर ठेवलं.

संध्याकाळी भाऊ तिला घरी सोडायला निघाला. वाटेत ती कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हती. समोरून येणाऱ्या प्रत्येकाची चाल बघत होती. एक माणूस किंचित लंगडत रस्ता ओलांडून गेला. तो पलीकडे पोचेपर्यंत ती जागची हलली नाही.