‘हं’ म्हणजे हो नाही

हे मी लिहायला नको, असं मला अजूनही वाटतं. कृष्णवर्णीय बायकांच्या मनाच्या दुखण्याबद्दल आणि त्या दुखण्यातून त्यांनी गोष्टी सांगत काढलेल्या वाटेबद्दल लिहिणारा मी कोण? मी पुरुष. त्यात आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच, त्यामुळे चार लोकांत बोलतानाही जीभ अडखळते. त्यांच्या बैठकीत मी एकदाही बसलो नाही, तशी मुभाच नव्हती. दाराबाहेर जे घडलं तेवढं मला माहीत आहे. तेवढंच लिहितो आणि त्याबद्दलही आधी माफी मागतो.

२०१५ च्या आसपास मी सिंगापूरला शिष्यवृत्तीवर इंजिनिअरिंग शिकत होतो. एका कॉन्डोत, म्हणजे गेटबंद सोसायटीत, पुण्याच्या कुटुंबाकडे खोली भाड्याने घेतली होती. दादा तुआसच्या एका कारखान्यात मॅनेजर होते, वहिनी घर सांभाळायच्या. आमच्या वर्गाचं ट्यूटोरियल घ्यायला पीएच.डी. करणारी एक बाई यायची, घानाहून आलेली, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. मोठ्या बाईला नुसतं नावाने हाक मारणं मला जमेना. एकदा तोंडातून ‘ताई’ निघून गेलं.

“टाय? गळ्यात बांधतात तो?” तिने विचारलं. मी अर्थ सांगितला. “मग ठीक आहे. पण गाठ फार आवळू नकोस.”

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी ती पार खचली होती, हे तिनेच मला कॅन्टीनमध्ये सांगितलं. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, शेजारी बसलेले लोक उठून दुसरीकडे जायचे, नाहीतर न विचारता तिच्या केसांना हात लावायचे. लॅबमध्ये तिला पाहून सफाईच्या बादल्या कुठे ठेवल्यात असं तिथल्या साहेबाने विचारलं होतं. पुढे पुढे ती खोलीबाहेर पडेना. दिवसच्या दिवस तिच्या तोंडून शब्द निघत नसे. नोव्हेना भागातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप आली, बोलणं आलं नाही.

ते आलं बैठकीमुळे. लंडनहून आलेली एक बँकवाली, नैरोबीची एक शिक्षिका आणि आणखी दोघी, अशा त्या रविवारी दुपारी जमायच्या. जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून एक मोठं कापड शिवायच्या. आमच्याकडे त्याला वाकळ म्हणतात. शिवता शिवता गोष्ट सांगायची. नियम एकच होता, आपलं दुःख आपल्या नावावर सांगायचं नाही. ते तिसऱ्याच कुणाला तरी देऊन टाकायचं.

ताईने स्वतः रचलेली एक गोष्ट मला ऐकवली होती. एका बाईच्या डोक्यावर शेत उगवलं होतं. गावातले पक्षी न विचारता यायचे आणि घरट्यासाठी काड्या उपटून न्यायचे. वर म्हणायचे, “किती मऊ!” शेवटी बाईने काय केलं? शेतात बुजगावणं उभं केलं, आणि त्याचा चेहरा हुबेहूब लॅबमधल्या साहेबासारखा होता. ती स्वतःच इतकी हसली की चहा सांडला.

ती सांगत असताना मी सवयीने “हं... हं...” करत होतो. ती थांबली.

“हे काय करतोस?”

“गोष्ट ऐकताना आमच्याकडे हं म्हणायचं असतं. ऐकणारा झोपला नाही, हे सांगणाऱ्याला कळावं म्हणून.”

“आमच्याकडेही गोष्ट चालू असताना ऐकणाऱ्याने गप्प बसायचं नसतं,” ती म्हणाली. “इतक्या दिवसांत मला इथे हं म्हणणारा पहिला माणूस तू.”

बैठकीला जागा नव्हती. हॉस्टेलवर पाहुण्यांना बंदी, कॅफेत सगळे वळून बघायचे. आमच्या कॉन्डोत तळमजल्यावर फंक्शन रूम होती आणि राहणाऱ्यांना ती बुक करता यायची. मी भीतभीत दादांना विचारलं. त्यांनी आनंदाने केलं. वहिनींनी पहिल्या रविवारी ढोकळा करून पाठवला. तो देऊन मी वर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “का रे, ते केस खरेच असतात का त्यांचे?”

दोन-तीन महिने छान गेले. मग मॅनेजमेंटचा निरोप आला, तुमचे पाहुणे फार मोठ्याने हसतात, अशी तक्रार आहे. दादांचा भाडेकरार तेव्हाच संपत आला होता.

त्याच आठवड्यात ताईचा दादांना फोन आला. आम्ही पोहे खात होतो, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. पुढचे काही महिने फंक्शन रूम मिळेल का, असं ती विचारत होती. एक नवी बाई येणार होती, बाळंतपणानंतर कुणाशीच न बोलणारी. “आणि खरं सांगू का, ही बैठक बंद पडली तर मी पुन्हा मुकी होईन,” असंही ती म्हणाली. दादा चमच्याने शेंगदाणे वेचत होते. “हं,” ते म्हणाले. “हं... हं, हं.” तिने भरभरून आभार मानले आणि फोन ठेवला.

“दादा, मग करताय ना बुक?”

“बघू.”

“पण तुम्ही हो म्हणालात.”

“कुठे म्हणालो? हं म्हणालो. आम्हाला हे घर मिळताना काय झालं ठाऊक आहे ना? इंडियन नको, फोडणीचा वास नको. आता कुठे नीट बसलोय. उगाच कशाला नजरेत यायचं?”

“यांना तोंडावर नाही म्हणता येत नाही,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या आईलाही असंच हं-हं करतात. ती बिचारी बॅग भरून बसते.”

मी ताईला लगेच मेसेज केला, बुकिंग झालेलं नाही, दादांचं नक्की नाही. तिचं उत्तर आलं: “काळजी करू नकोस. ते पूर्ण वेळ हं म्हणत होते. हं म्हणजे काय, ते तूच शिकवलंस.” मी पुन्हा लिहिलं. तिने हसरा चेहरा पाठवला.

रविवारी गेटवरून इंटरकॉम वाजला. दादा सोफ्यावर होते. “मी घरी नाही म्हणून सांग,” ते म्हणाले. मी चपला घालून खाली गेलो.

गेटबाहेर त्या उभ्या होत्या. वाकळीची गुंडाळी बँकवालीच्या खांद्यावर, डबे शिक्षिकेच्या हातात. नवी बाई बाबागाडी धरून सगळ्यांच्या मागे. गार्ड अंकल तिथल्या ढंगात पुन्हा पुन्हा सांगत होते, “नो बुकिंग लाह, सॉरी लाह.”

“ते घरी आहेत?” ताईने मला विचारलं.

“आहेत.”

तिने वर बाल्कन्यांकडे पाहिलं. “मग त्यांनी नाही म्हणायचं होतं. नाही ऐकायची मला सवय आहे. या शहरात रोज ऐकते. त्याचं काय करायचं, मला येतं. याचं काय करू?”

सगळ्यांत आधी बाबागाडी वळली.

त्यानंतर ट्यूटोरियलला दुसरंच कुणी येऊ लागलं. माझ्या मेसेजवर निळ्या खुणा उमटत, मग त्याही उमटेनाशा झाल्या. दादांचा करार वाढला. गणपतीत आरती झाल्यावर ते चारचौघांत सांगत होते, “आफ्रिकन लेडीजचा एक ग्रुप होता बरं का, त्यांना आम्हीच जागा मिळवून दिली.” लोक कौतुकाने माना डोलवत होते. मी प्रसादाच्या वाट्या भरत राहिलो. त्या माणसाच्या घरात राहत होतो आणि त्याचा राग करत होतो, दोन्ही एकाच वेळी.

पुढच्या वर्षी लिटिल इंडियातल्या एका चोवीस तास उघड्या दुकानात नैरोबीची शिक्षिका भेटली. तिनेच मला ओळखलं. बैठक आता तिच्या घरी भरते, म्हणाली. बाबागाडीवाली येते, आता गोष्टही सांगते. मी ताईबद्दल विचारलं. तिने हातातली मसुराची पिशवी खाली ठेवली.

त्या रविवारनंतर ताई बैठकीला आलीच नव्हती. “तुम्हा सगळ्यांना माझ्या शब्दावर मी बोलावलं, गेटवर उभं केलं, आता कुठल्या तोंडाने येऊ,” असं तिने कळवलं होतं. बाकीच्या जणी तिच्या हॉस्टेलवर जाऊन दार वाजवून आल्या. सहा महिन्यांपूर्वी धाकटी बहीण येऊन तिला घानाला घेऊन गेली. पीएच.डी. सुटली. शिक्षिका दर रविवारी तिकडे फोन लावते. बहीण उचलते आणि ताईच्या कानाला लावते. पलीकडून काहीच येत नाही.